सोबत चाललेल्यांनी बोलायला हवं

गुरूला काय पचतं आणि काय पचत नाही, हे त्याचा स्वयंपाक करणाऱ्या शिष्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मंडपात पाचव्या रांगेत बसलेल्या माणसाला गुरूचं बोलणं ऐकू येतं. पण गाडी चुकली तर गुरू कुणावर चिडतो, दक्षिणेचं पाकीट कोण उघडतं, वाटेत सेवेकरी आजारी पडला तर मुक्काम वाढतो की त्याला एखाद्या भक्ताकडे टाकून पुढे निघायचं असतं, हे फक्त बरोबर हिंडणाऱ्यांनाच कळतं. एरवी आपण त्यांच्याकडे 'महाराजांच्या जवळची माणसं' म्हणून थोड्या असूयेनं पाहतो. खरं तर ते साक्षीदार असतात, आणि नेमकं त्यांनाच गप्प बसायला शिकवलेलं असतं. आश्रमातलं आश्रमातच राहावं, गुरुनिंदा ऐकणाऱ्यालाही पाप लागतं, तुला दिसलं ते तुझ्याच मनातलं प्रतिबिंब होतं, अशी वाक्यं पाठ करून घ्यावी लागत नाहीत. ती हवेतच असतात.

ज्याच्या पायाशी हजारो माणसं येतात, ज्याच्या नावानं सार्वजनिक न्यास चालतो, त्या गुरूच्या सहवासात जे पाहिलं ते बऱ्यावाईटासकट सांगणं हे सोबत राहिलेल्या शिष्याचं कर्तव्य आहे, असं माझं म्हणणं आहे. नागरिक म्हणून तर आहेच, पण शिष्य म्हणूनही आहे. या दुसऱ्या भागावर वाद होईल, म्हणून त्याच्याबद्दल आधी बोलतो.

मराठी माणसाला याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या भाषेतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते 'लीळाचरित्र' म्हणजे गुरूबरोबर गावोगाव हिंडलेल्या शिष्यांच्या आठवणीच आहेत. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर फिरले. नागदेवाचार्य, बाइसा, महदाइसा अशी किती तरी माणसं त्यांच्याबरोबर चालली. स्वामी गेल्यावर पंथातल्या म्हाइंभटांनी रिद्धपुरात नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात या आठवणी गोळा करायला घेतल्या. परंपरा सांगते की ते ऐकीव गोष्टीवर थांबले नाहीत, प्रसंगाला हजर असलेल्या माणसांपर्यंत पोहोचून त्यांनी खातरजमा केली. पुढे पाठ वेगवेगळे झाले तेव्हा ते भेदही पंथानं जपून ठेवले. स्वामी कुठल्या गावी उतरले, कुणाच्या ओसरीवर बसले, आरोगणा (जेवण) कशी झाली, पहुड (झोप) कधी झाला, हे त्यात आहे. स्थानांची नोंद ठेवणारी 'स्थानपोथी' तर कोणत्या देवळाचं दार कोणत्या दिशेला होतं इथवर जाते.

त्याहून मोलाचं म्हणजे शिष्यांनी स्वतःलाही त्यातून वगळलेलं नाही. त्यांचे हट्ट, रुसवे, आपापसातली कुरबुर आणि खुळे प्रश्न जसेच्या तसे उतरले आहेत. महदाइसा इतकं विचारायची की ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चक आहे, इथं काही ना काही पुसतच असते, असं स्वामींनी म्हटल्याची नोंद आहे. आजच्या एखाद्या सत्संगात इतके प्रश्न विचारणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पुढची रांग मिळेल का, याची मला शंका आहे.

लीळाचरित्रात चमत्कार नाहीत असं नाही. म्हाइंभट श्रद्धावान होते, आणि आजच्या अर्थानं इतिहासकार नव्हते. पण त्यांच्या श्रद्धेला तपशिलाची भीती वाटत नव्हती. गुरूचं जेवण, झोप, थट्टा, शिष्यावरचा राग लिहिल्यानं त्याचं देवपण उणं होतं असं त्यांना वाटलं नाही. पुढे पंथानं हेच ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये बंद करून ठेवले आणि कित्येक शतकं बाहेरच्यांना ते वाचताच आले नाहीत. त्या काळाची भीती खरी असेलही. पण पोथी बंद राहिल्याची किंमत पंथानंच मोजली. बाहेर त्याच्याविषयी वाट्टेल ते बोललं गेलं आणि ते खोडायला हाताशी काही उघडं नव्हतं.

आता सहाशे वर्षं पुढे येऊ. १८९२ साली एक तरुण संन्यासी मुंबईहून पुण्याला निघाला आणि आगगाडीत त्याची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. आठ-दहा दिवस तो टिळकांकडे राहिला. टिळकांनी पुढे लिहून ठेवलं, की त्याच्याजवळ पैसा मुळीच नव्हता, होतं ते एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू, आणि जिथं जायचं तिथलं तिकीट कुणीतरी काढून देई. त्याच वर्षी ऑक्टोबरात हा संन्यासी बेळगावात भाटे वकिलांकडे उतरला. त्या घरातल्या मुलानं, पुढे प्राध्यापक झालेल्या भाट्यांनी, आठवण लिहिली आहे. पहिल्याच दिवशी जेवणानंतर पाहुण्यांनी पानसुपारी मागितली आणि वर तंबाखूही मागितली. संन्याशानं विडा खावा याचं घरातल्यांना नवल वाटलं. शाकाहाराचा प्रश्न निघाला तेव्हा आपण परमहंसांपैकी आहोत, पुढ्यात येईल ते खातो, असं उत्तर आलं. हे सगळं स्वामी विवेकानंदांबद्दल आहे. त्यांच्या चरित्रकारांनी ते लपवलं नाही, आणि तंबाखूपायी त्यांना सोडून गेलेला भक्त माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण या विषयातला सगळ्यात सखोल दस्तऐवज भगिनी निवेदितांचा आहे. १८९८च्या उन्हाळ्यात विवेकानंद काही पाश्चात्त्य शिष्यांना घेऊन हिमालयाकडे निघाले. आधी अल्मोडा, मग काश्मीर. निवेदिता तेव्हा तिशीच्या होत्या, भारतात येऊन काही महिनेच झाले होते, आणि इंग्रज असल्याचा अभिमान अजून अंगात मुरलेला होता. अल्मोड्यात गुरूनं त्या अभिमानावर असे घाव घातले की शिकवणी म्हणजे रोजची लढाई होऊन बसली. निवेदितांनी ते पुढे छापून प्रसिद्ध केलं. ज्यांच्याकडे मैत्रीच्या अपेक्षेनं आलो, ते उदासीन आणि बहुधा विरोधीच दिसू लागले, याचं दुःख त्यांनी झाकलं नाही. शेवटी बरोबरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी स्वामींना गाठून सांगितलं, की हे तिला फार झालं. संध्याकाळी स्वामी आले आणि म्हणाले, की तुमचं बरोबर होतं, बदल व्हायलाच हवा, मी एकांतात रानात जातो आणि परत येईन तेव्हा शांती घेऊन येईन.

या एका प्रसंगात सगळं आहे. शिष्येला त्रास झाला, तिसऱ्या व्यक्तीनं गुरूला तोंडावर सांगितलं, गुरूनं मान्य केलं, आणि जिला त्रास झाला तिनेच ते पुढे लिहिलं. यातली एक जरी कडी गळली असती तरी आज आपल्याला फक्त हिमालयाची वर्णनं वाचायला मिळाली असती.

पुढे २ ऑगस्टला अमरनाथच्या गुहेतून विवेकानंद भारावून बाहेर आले. निवेदितांना मात्र तसं काही जाणवलं नव्हतं आणि त्या खट्टू झाल्या होत्या. आत्ता तुला कळणार नाही, पण यात्रा तू केली आहेस, तिचं काम आत चालू राहील, असं स्वामींनी समजावल्याचं निवेदिता सांगतात. आपल्याला दर्शन घडलं असं लिहून टाकणं किती सोपं होतं! तो मोह त्यांनी टाळला, म्हणूनच गुरूच्या भावावस्थेबद्दल त्या जे सांगतात त्यावर विश्वास बसतो. आणि ही शिष्या मिंधी नव्हती. १९०२च्या जुलैत स्वामी गेले. त्यांनीच उभारलेल्या रामकृष्ण संघाला आपलं राजकारण परवडणार नाही हे दिसताच तिनं त्याच महिन्यात संघाशी औपचारिक नातं तोडलं. गुरूवरची निष्ठा मात्र शेवटपर्यंत राहिली.

तेव्हा, सांगणं हा द्रोह आहे, हे परंपरेचं म्हणणं नाही. ते संस्थेचं म्हणणं आहे. समर्थ रामदासांनी तर लिहूनच ठेवलं आहे, की शिष्याला साधनाला न लावणारे, इंद्रियदमन न करवणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत. टाकायचे तर आधी ओळखावे लागतात. लांबून सगळेच गुरू तेजस्वी दिसतात, ओळख पटवतो तो जवळचा माणूस. त्याचं तोंड बांधलं की समर्थांचा उपदेश पाळायची सोयच उरत नाही.

तोंड बांधण्याचा इतिहासही आपल्याकडे चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो मुंबईतला आहे. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकानं १८६०मध्ये आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. करसनदासांच्या बाजूनं कुणी साक्ष देऊ नये असा ठराव भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी करून घेतला. त्याबद्दल त्यांच्यावरच कटाचा खटला चालला आणि त्यांना दंड झाला. तरीही जवळची माणसं बोलली. महाराजांवर उपचार केलेल्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी साक्ष दिली, संप्रदायातल्याच मथुरादास लवजी यांनी दिली. १८६२च्या एप्रिलात महाराज दावा हरले. वल्लभ संप्रदाय त्यामुळे बुडाला नाही. त्याच्या हवेल्यांमध्ये, म्हणजे मंदिरांमध्ये, आजही ठाकुरजींची सेवा चालते.

त्या साक्षीदारांना बहिष्काराची भीती होती. आपल्या काळात गोळीची आहे. आसाराम यांच्यावर २०१३मध्ये जिच्यावरील अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला ती अल्पवयीन मुलगी त्यांच्याच गुरुकुलात शिकत होती, तिचं घर भक्तांचं होतं. २०१८च्या २५ एप्रिलला जोधपूरच्या न्यायालयानं त्यांना जन्मठेप दिली. मधल्या काळात काय घडलं ते आठवून पाहा. त्यांचे एकेकाळचे वैद्य २०१४मध्ये गोळी लागून मेले. २०१५च्या जानेवारीत स्वयंपाकी मारला गेला, त्याच जुलैत आणखी एक साक्षीदार. इतर काहींवर हल्ले झाले, काही वाचले. वैद्य आणि स्वयंपाकी! म्हणजे बरोबर तीच माणसं, ज्यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी एकेकाळी आपण पोथी म्हणून पुजल्या. देशाला साक्षीदार संरक्षण योजना मिळाली तीही याच प्रकरणातून. यातल्याच साक्षीदारांच्या बाजूनं केलेल्या याचिकेवर ५ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं योजना मान्य केली आणि संसदेचा कायदा होईपर्यंत ती कायद्यासारखीच पाळावी असं सांगितलं. आता नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंही प्रत्येक राज्यावर अशी योजना अधिसूचित करण्याची जबाबदारी टाकली आहे. कागद आहेत. गावातल्या पोलीस ठाण्यात गुरूविरुद्ध बोलायला आलेल्या सेवेकऱ्याला त्या कागदाचा अर्ज मिळतो का, हा पुढचा प्रश्न.

यावर कुणी म्हणेल, आता लपवायला जागाच कुठे आहे? गुरूच्या प्रत्येक यात्रेचं चित्रण होतं, प्रत्येक सत्संग मोबाइलवर दिसतो. हे मला अजिबात पटत नाही. कॅमेरा संस्थेचा असतो, तो धरणारा संस्थेचा असतो, आणि संकलनाच्या टेबलावर काय कापायचं हेही संस्थाच ठरवते. कैलासाच्या वाटेवर गुरू हसताना दिसतो, बर्फात ध्यानस्थ बसलेला दिसतो. भोवतालच्या माणसांना तंबूत काय वाढलं, कोण किती पैसे भरून आलं, कुणाला कशावरून परत पाठवलं, ते दिसत नाही. म्हाइंभटांकडे कॅमेरा नव्हता, पण त्यांच्या नोंदीत आज आपल्याला मिळणाऱ्या तासन् तासांच्या चित्रणापेक्षा गुरू नावाचा माणूस जास्त सापडतो.

शिवाय गुरू आणि शिष्य यांच्यातलं अंतरच इतकं वाढलं आहे की सोबत चालणं ही गोष्टच दुर्मिळ झाली. २ जुलै २०२४ला उत्तर प्रदेशात हाथरसजवळ एका सत्संगानंतर चेंगराचेंगरीत १२१ माणसं मेली, बहुतेक बायका. परवानगी ८० हजारांची होती आणि जमले अडीच लाखांहून जास्त, असं पोलिसांच्या फिर्यादीत म्हटलं आहे. बाबांची गाडी गेली त्या वाटेवरची धूळ गोळा करायला लोक धावले होते. ज्यांनी बाबांबरोबर चार कोसही चालून पाहिलं नव्हतं त्यांच्या वाट्याला गाडीची धूळ आली. गाडगेबाबा आयुष्यभर हिंडत राहिले, पण पाया पडू देत नसत. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, असं ते सांगत. एवढी गर्दी सांभाळायची वेळ येऊ नये याची तरतूद त्या वाक्यातच होती.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. गुरू-शिष्याचं नातं बाहेरच्या मापानं मोजता येत नाही. निवेदितांना जो कठोरपणा सोसावा लागला, तो कुणी परक्यानं लिहिला असता तर छळच ठरला असता. नाराज होऊन बाहेर पडलेला शिष्य खोटंही बोलू शकतो, मालमत्तेच्या वादात कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलू शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण साक्ष म्हणजे निकाल नव्हे. तिची उलटतपासणी होते, ती दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहिली जाते. एका माणसाच्या सांगण्यावर विसंबायचं नसेल तर उपाय हाच, की दहा जणांना मोकळेपणानं सांगता यावं. पाठभेद राहू द्यावेत. आणि कठोरपणा होता की छळ, हे ठरवायचा पहिला हक्क तो सोसणाऱ्याचा आहे. निवेदितांनी तो वापरला आणि गुरूच्या बाजूनं कौल दिला. दुसरी कुणी तसा देणार नाही. तिचंही ऐकावं लागेल. दुसऱ्या धर्मांतल्या गुरूंना हे का सांगत नाही, असंही कुणी विचारेल. सांगावं, जरूर सांगावं, त्यांच्या बरोबर चाललेल्यांनी.

राहता राहिला प्रश्न, शासनानं आणि समाजानं काय करायचं. नवा कायदा मागायची आपली सवय जुनी आहे, पण इथं असलेलाच वापरला तरी बरंच साधेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५०पासून आहे, आणि नोंदणीकृत न्यासांवर हिशेब तपासून घेण्याचं बंधन त्यात आहे. गुरूच्या यात्रेला, परदेश दौऱ्याला, बरोबरच्या लवाजम्याला न्यासाचा पैसा लागत असेल तर तो त्या हिशेबात दिसायला हवा, आणि देणगी देणाऱ्या भक्तानं तो पाहायची सवय लावून घ्यायला हवी. टिळकांनी विवेकानंदांच्या खिशाची नोंद केली ती निंदा म्हणून केली नव्हती.

दुसरं, कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. यात कर्मचारी म्हणजे फक्त पगारदार नव्हे, स्वेच्छेनं बिनमोबदला काम करणारीही त्यात येते. शाळा, दवाखाना, वस्तुविक्री चालवणारा न्यास हे कामाचं ठिकाण ठरतं, आणि कामानिमित्त केलेला प्रवासही त्यात धरला आहे. म्हणजे अशा संस्थेच्या कामासाठी गुरूच्या दौऱ्यावर गेलेल्या सेवेकरी स्त्रीला दाद मागायची वाट कायद्यानं ठेवली आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी, आणि ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. किती आश्रमांच्या दारावर अशा समितीची पाटी आपण पाहिली आहे? सेवा म्हणजे नोकरी नव्हे, असं सांगून विश्वस्त ही गोष्ट टोलवतात आणि आपण मान डोलावतो.

या कायद्यातली एक अडचण मात्र तिथंच सुटणार नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आहे, समितीला पटलं तर आणखी तीन. कार्यालयातल्या बाईला हा अवधी कदाचित पुरेल. पण शिष्येचं तसं नसतं. आपल्या बाबतीत जे झालं ते कृपा नव्हतं, हे स्वतःशी कबूल करायला तिला वर्षं लागतात. घर सोडलेलं असतं, नवं नाव घेतलेलं असतं, ओळखीतली सगळी माणसं त्याच वर्तुळातली असतात. बलात्काराच्या गुन्ह्याला फौजदारी कायद्यात अशी मुदत नाही, पण त्याखालच्या सगळ्या गोष्टींसाठी तिला सहा महिन्यांपलीकडे समितीचं दार बंद आहे. जिथं पीडितेचा निवास, जेवण आणि श्रद्धा हे तिन्ही एकाच संस्थेच्या हातात असतात, तिथं मुदत ती संस्था सोडल्याच्या दिवसापासून मोजावी, एवढी दुरुस्ती संसदेनं करायला हरकत नसावी.